मोठे टायर लावले, मग आरपीएम का घसरला?

अमेरिकेत पिकअप ट्रकला मोठे टायर लावायची क्रेझ आहे. पण त्यानंतर टॅकोमीटरचा काटा खाली का येतो?

टॅकोमीटर इंजिनाचे मिनिटाला होणारे फेरे, म्हणजे आरपीएम दाखवतो. मोठा टायर एका फेऱ्यात जास्त अंतर कापतो. त्यामुळे त्याच वेगाला इंजिन कमी फिरतं.

समजा टायर ३१ इंची, एक्सलचा गिअर रेशो ३.७३ आणि गिअरबॉक्स १:१ वर आहे. ताशी १०० किमीला आरपीएम साधारण २,५०० असेल. ३५ इंची टायरवर तो २,२२५ होतो. मग चढावर, ओझं घेऊन गाडी ओढत नाही. ४.१० रेशोचे गिअर बसवले की आरपीएम पुन्हा २,४५० होतो.

खरा धोका वेगळाच. नुसते टायर बदलले आणि स्पीडोमीटर सेट केला नाही, तर तो १०० दाखवताना गाडी ११३ ने पळत असते!