पाण्यातला बाप्पा हलका का लागतो?

टिटवाळ्याच्या काळू नदीत विसर्जनासाठी उतरलेल्या प्रत्येकाने हे अनुभवलं असेल. काठापर्यंत चौघांनी घाम गाळत आणलेली मूर्ती कमरेएवढ्या पाण्यात दोघांनाही पेलते. मूर्तीचं वजन कमी झालेलं नसतं, पाणी तिला खालून उचलून धरत असतं. वस्तू जितकं पाणी बाजूला सारते, तितक्या पाण्याच्या वजनाएवढा तिचा भार हलका होतो. आर्किमिडीजने हे सव्वादोन हजार वर्षांपूर्वी सांगितलं.

आपल्याकडचा काळा दगड घ्या. 10 लिटर आकारमानाचा दगड साधारण 29 किलो भरतो. पाण्यात बुडवला की हाताला 19 किलोच लागतो! पुरात मोठे धोंडे वाहून येतात, त्यात प्रवाहाच्या जोराबरोबरच या हलकेपणाचाही हात असतो.

मला सगळ्यात आवडतं ते विहिरीतल्या कळशीचं उदाहरण. तांब्याची 2 किलोची कळशी, आत 10 लिटर पाणी. बुडालेली असताना दोराला जेमतेम 1.8 किलोचा ताण, कारण पाण्यात पाण्याला वजन जाणवतच नाही. पृष्ठभागाबाहेर आली की थेट 12 किलो. आजीचा हात नेमका तिथेच थबकायचा.

घरी करून बघा. काट्यावर पाण्याचं भांडं ठेवा, दोऱ्याला बांधलेला दगड तळाला न टेकवता आत सोडा. काट्यावरचा आकडा वाढेल. किती वाढला, ते कमेंटमध्ये नक्की लिहा.