पाकटाला स्थळ शोधताना

मुलगा नोकरीला बाहेरगावी गेला की त्याची सायकल, बॅट, जुनी पुस्तकं आईच्या वाट्याला येतात. आमच्या गल्लीतल्या एका वहिनींच्या वाट्याला पाकट आलं. कोकणातल्या मैत्रिणींना पाकट बाजारात पाहून ठाऊक असेल. थाळीसारखं चपटं अंग, चाबकासारखी शेपटी. हे मात्र गोड्या पाण्यातलं, मूळचं दक्षिण अमेरिकेतल्या ॲमेझॉन आणि पाराना नद्यांकडचं. मुलानं हौसेनं आणलं तेव्हा बशीएवढं होतं, आता परातीएवढं झालंय.

लाईट गेली की टाकीतला हवेचा पंप बंद. मग वहिनी रात्री उठून बॅटरीवरचा पंप लावणार. नळाला पाणी दिवसाआड, आणि दर आठवड्याला टाकीचं पाणी बदलायचं! "हौस पोराची, कंबर माझी," असं त्या हसत म्हणायच्या. पण परवा म्हणाल्या, "ताई, नदीत सोडून देऊ का? तेवढंच पुण्य."

मी म्हटलं, अजिबात नको. पाकटाच्या शेपटीवर विषारी काटा असतो आणि ते तळाशी वाळूत दबून बसतं. दक्षिण अमेरिकेत नदीत उतरणाऱ्यांचा पाय त्यावर पडतो तो असाच. आपल्या घाटावर गुडघाभर पाण्यात कपडे कोण धुतं? आपणच ना! सिंगापूरच्या अप्पर सेलेटार जलाशयात अशी परकी पाकटं वाढलेली आहेतच. आणि एवढं लांब कशाला, आपल्या उजनीतला सकर मासाही मूळचा शोभेच्या टाकीतलाच, आता कोळ्यांची जाळी खराब करतोय.

मग सुरू झालं स्थळ शोधणं. दुकानदार परत घ्यायला तयार होता, पण ठेवणार तीन फुटी टाकीत. वहिनींनी साफ नकार दिला. शेवटी शेजारच्या जिल्ह्यातला एक हौशी तरुण मिळाला. त्याला आम्ही लग्नाच्या बैठकीत विचारावेत तसे प्रश्न विचारले. टाकीचा तळ किती रुंद? टाकी जुनी की कालच भरलेली? (नव्या टाकीत अमोनिया साठतो आणि पाकटाला तो सोसत नाही.) सोबत छोटे मासे आहेत का? असतील तर ते गिळले जाणार! घरात हात घालणारी लहान मुलं? त्यानं उलट विचारलं, "नर की मादी?" नराच्या शेपटीच्या बुडाशी बोटांसारखे दोन अवयव असतात. आमची मादी निघाली. पाकटं अंडी घालत नाहीत, थेट पिल्लांना जन्म देतात, हेही तेव्हाच कळलं.

कायद्याचंही बघावं लागतं. २०२२ मध्ये वन्यजीव कायद्यात दुरुस्ती झाली आणि २०२४ च्या नियमांनुसार काही परदेशी प्राण्यांची नोंदणी परिवेश पोर्टलवर करावी लागते. ब्राझीलच्या शिंगू नदीतलं पांढऱ्या ठिपक्यांचं काळं पाकट, आणखी काही जाती, २०२२ च्या पनामा परिषदेत आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण असलेल्या यादीत गेल्या. म्हणून आधी जात ओळखावी आणि वन विभागाच्या कचेरीत विचारून मगच द्यावं-घ्यावं. आम्ही तसंच केलं.

नेण्याआधी दोन दिवस उपाशी ठेवलं, म्हणजे वाटेत पाणी घाण होत नाही. जाळीनं धरायचं नाही, काटा अडकतो. त्या तरुणानं टब पाण्यात बुडवून तिला अलगद आत घेतलं, काट्यावर मऊ प्लास्टिकची नळी चढवली, मग दुहेरी पिशवी, ऑक्सिजन आणि थर्माकोलचं खोकं. काटा लागलाच तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात हात बुडवून तडक दवाखाना गाठायचा, हे त्यानं आम्हाला दोनदा बजावलं.

वहिनींनी पैसे घेतले नाहीत. दर महिन्याला फोटो पाठवायचा, एवढं कबूल करून घेतलं. आता प्रश्न टाकीचा आहे. सात फुटांची ती टाकी दाराला ग्रिल बसवण्याआधी आत आली होती. आता ती बाहेर निघत नाही.