सर्व्हरने सर्व्हरला निरोप कसा द्यायचा?

माझ्या पहिल्या नोकरीत ऑर्डरचा सर्व्हर एसएमएसच्या सर्व्हरला थेट एचटीटीपी कॉल करायचा आणि उत्तर येईपर्यंत थांबायचा. एका संध्याकाळी एसएमएसवाला मंदावला. झालं! त्याच्यामागे ऑर्डरीही तुंबल्या.

मग आम्ही मध्ये रॅबिटएमक्यूची रांग ठेवली. ऑर्डरवाला निरोप रांगेत टाकतो नि पुढे जातो. एसएमएसवाला तो सवडीने उचलतो, काम झालं की पोच देतो, मग निरोप रांगेतून जातो.

पण खरी मेख पुढेच आहे. काम झालं आणि पोच द्यायच्या आधीच प्रोग्रॅम पडला, तर रांग तोच निरोप पुन्हा देते. एसएमएस दोनदा गेला तर ठीक, पण वॉलेटमध्ये रिफंड दोनदा गेला तर? आमचा गेला होता! म्हणून प्रत्येक निरोपाला आयडी द्या. रिफंड आणि त्या आयडीची नोंद एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये करा. आयडी आधीच नोंदलेला दिसला, तर नुसती पोच द्या.

काफ्का वेगळा. लिंक्डइनमध्ये बनला, २०११ मध्ये ओपन सोर्स झाला. त्याला वही समजा: वाचलं म्हणून पान फाटत नाही. डिफॉल्ट सेटिंगला नोंदी ७ दिवस राहतात, बिलिंग, रिपोर्ट सगळे आपापल्या गतीने वाचतात.

मग निवडायचं कसं? उत्तर आत्ताच हवंय, उदाहरणार्थ पासवर्ड बरोबर आहे का, तर थेट कॉल. काम थोड्या वेळाने झालं तरी चालतंय, तर रांग. तीच नोंद अनेकांना, पुन्हा पुन्हा वाचायचीय, तर काफ्का. नुसतं नाव मोठं म्हणून घेऊ नका, तो सांभाळावाही लागतो.

भेटू पुढच्या भागात!