उभयपक्षी ओळख

परगावाहून कोणी चिठ्ठी घेऊन आला, की शहाणा दुकानदार दोन गोष्टी पाहतो : चिठ्ठीवरील सही ओळखीची आहे काय, आणि ती आणणारा खरोखर तोच मनुष्य आहे काय. आणणाराही आपण योग्य दुकानी आलो आहोत ना, याची खात्री करून घेतो. माणसे समोरासमोर असली म्हणजे हे सोपे जाते. परंतु हल्ली पुष्कळसा व्यवहार एक संगणक दुसऱ्या संगणकाशी परस्पर करीत असतो. एकाने मागावे व दुसऱ्याने द्यावे, अशा या व्यवस्थेस वेब-सेवा म्हणतात. मागणारा तो क्लायंट व देणारा तो सर्व्हर. या दोघांस एकमेकांची ओळख कशी पटते, हे येथे थोडक्यात सांगावयाचे आहे.

बाल्टिक समुद्राच्या काठी एस्टोनिया नावाचा एक लहानसा देश आहे. त्याची लोकसंख्या सुमारे १३ लाख, म्हणजे आपल्या गोव्याहूनही थोडी कमी. या देशाने २००१ साली एक्स-रोड नावाची योजना सुरू केली. तीत प्रत्येक संस्थेची माहिती त्या त्या संस्थेपाशीच राहते. मात्र एकीला दुसरीकडून काही हवे असल्यास ते या मार्गाने थेट मागता येते. २०१० पासून तेथील डॉक्टर औषधाची चिठ्ठी संगणकावरच लिहू लागले. रुग्णाने कोणत्याही औषधालयात जावे, ओळखपत्र दाखवावे, आणि औषधालयाच्या संगणकाने ती चिठ्ठी नोंदणीकेंद्राकडून मागवून घ्यावी, अशी ही सोय आहे.

आता विचार करा. नोंदणीकेंद्राचे सोंग घेऊन कोणी भलतेच उत्तर दिले, तर रुग्णाच्या हाती भलतेच औषध पडेल. उलट औषधालयाचे सोंग घेऊन कोणी मागणी केली, तर रुग्णाचा आजार चव्हाट्यावर येईल. तेव्हा एकाच बाजूची खात्री पटून भागत नाही.

ही खात्री ज्या साधनाने होते त्याचे मूळ गणितात आहे. १९७६ साली अमेरिकेत व्हिटफील्ड डिफी व मार्टिन हेलमन यांनी जोडकिल्ल्यांची कल्पना प्रसिद्ध केली, आणि १९७७ साली रिव्हेस्ट, शमीर व एडलमन यांनी तिला व्यवहारात आणण्याची रीत शोधली. या किल्ल्या म्हणजे वस्तुतः प्रचंड संख्या होत. त्यांपैकी एक खाजगी. ती मालकाने प्राणापलीकडे जपावयाची. दुसरी सार्वजनिक, ती कोणासही द्यावी. खाजगी किल्लीने मजकुरावर सही करता येते, व सार्वजनिक किल्लीने ती सही पडताळता येते. शिवकालीन पत्रांच्या शिरोभागी मुद्रा व अखेरीस मोर्तब असे. मोर्तबानंतर कोणास एक ओळही वाढविता येऊ नये, हा त्यातील हेतू. या सहीचा गुण त्याहून अधिक आहे : मजकुरातील एक अक्षर जरी बदलले, तरी सही जुळत नाही.

परंतु सार्वजनिक किल्ली अमक्याचीच, हे कोणी सांगावे? १९७८ साली लॉरेन कोनफेल्डर या एम. आय. टी. मधील विद्यार्थ्याने आपल्या पदवीच्या प्रबंधात यावर तोड सुचविली. विश्वासू अशा तिसऱ्या पक्षाने किल्ली व मालकाचे नाव एका कागदावर मांडून त्याखाली आपली सही करावी, ही ती तोड. हेच प्रमाणपत्र. त्यावर नाव, सार्वजनिक किल्ली, मुदत आणि देणाऱ्या संस्थेची सही असते. अशा पत्रांचा सर्वमान्य नमुना १९८८ साली ठरला. त्यास एक्स-५०९ म्हणतात.

येथे एक शंका सहज येईल. प्रमाणपत्र तर उघडे. त्याची नक्कल कोणीही करील. मग त्याने काय सिद्ध होते? खरोखर, नुसते पत्र दाखविण्याने काहीच सिद्ध होत नाही. म्हणून टीएलएस नावाच्या संभाषण-पद्धतीत पुढील क्रम पाळला जातो. तिची २०१८ सालची आवृत्ती आपण पाहू. प्रथम दोन्ही संगणक एकमेकांस नव्याने निवडलेल्या संख्या पाठवितात व त्यांवरून एक समाईक गुपित तयार करतात. पुढील बोलणे त्या गुपिताच्या कुलुपात चालते. मग सर्व्हर आपले प्रमाणपत्र देतो, आणि आतापर्यंत झालेल्या संभाषणावर आपल्या खाजगी किल्लीने सही करतो. संख्या प्रत्येक वेळी नव्या असल्यामुळे कालची सही आज चालत नाही, आणि ज्याच्यापाशी खाजगी किल्ली नाही त्यास ती करताच येत नाही. क्लायंट ती सही पडताळतो. नाव, मुदत व देणारी संस्था तपासतो.

आपण एखादे संकेतस्थळ उघडतो तेव्हा बहुधा तपासणी येथेच थांबते, कारण येणारा प्रत्येक वाचक कोण, हे सर्व्हरला प्रमाणपत्रावरून जाणावयाचे नसते. परंतु एक्स-रोडसारख्या व्यवहारात सर्व्हर म्हणतो, "आता आपलेही पत्र दाखवावे." क्लायंटही आपले प्रमाणपत्र देऊन संभाषणावर सही करतो, आणि मगच मागणी पुढे सरकते. त्यानंतरही एक प्रश्न उरतो. ओळख पटली म्हणजे अधिकार मिळाला असे नव्हे. कोणत्या संस्थेस कोणती माहिती द्यावी, हे माहितीच्या मालकाने वेगळे ठरवावे लागते.

ही सारी रचना साक्षीदाराच्या प्रामाणिकपणावर व किल्लीच्या जपणुकीवर उभी आहे. दोन्ही बाजू कशा ढासळू शकतात, याची दोन उदाहरणे इतिहासात नमूद आहेत.

नेदरलँड्समध्ये डिजिनोटार ही प्रमाणपत्रे देणारी संस्था होती. २०११ च्या उन्हाळ्यात तिच्या संगणकांत कोणी शिरून ५०० हून अधिक खोटी पत्रे काढली. त्यांत गूगलच्या नावाचेही एक होते. त्या पत्राच्या जोरावर मुख्यत्वे इराणमधील लोकांचा पत्रव्यवहार मध्येच उघडला गेला. त्याची झळ सुमारे ३,००,००० संगणक-पत्त्यांस लागली असे चौकशीत आढळले. चोरी जुलैमध्येच संस्थेच्या ध्यानात आली होती. तिने ती लपविली. ऑगस्टअखेर सत्य बाहेर आले, आणि सप्टेंबरात संस्थेचे दिवाळे निघाले. ज्यांची पत्रे वाचली गेली त्यांनी काही चूक केली नव्हती. साक्षीदारच गप्प बसला होता.

दुसरे उदाहरण खुद्द एस्टोनियाचे. तेथील नागरिकांच्या ओळखपत्रातील चिपमध्ये खाजगी किल्ली असते. म्हणजे तेथे क्लायंट स्वतः नागरिकच. २०१७ साली झेक देशातील मासारिक विद्यापीठाच्या संशोधकांनी दाखवून दिले की, त्या चिपमध्ये किल्ल्या घडविण्याची रीत सदोष असून सार्वजनिक किल्लीवरून खाजगी किल्ली काढणे शक्य आहे. सुमारे ७,५०,००० ओळखपत्रे या दोषाच्या कक्षेत होती. सरकारने ही गोष्ट सप्टेंबरमध्ये जाहीर केली, दुसऱ्या प्रकारच्या किल्ल्यांची तयारी केली, आणि नोव्हेंबरच्या आरंभी जुनी प्रमाणपत्रे स्थगित केली. लोकांनी घरबसल्या किंवा कचेरीत जाऊन नवी करून घेतली. गैरसोय झाली, पण विश्वास टिकला.

या दोहोंची तुलना केली म्हणजे मर्म ध्यानात येते. दोष दोन्ही ठिकाणी होता. परंतु एकीकडे तो झाकला गेला, व दुसरीकडे वेळीच सांगितला गेला. प्रमाणपत्र ही अखेर कोणीतरी दिलेली साक्ष आहे. म्हणून तिला मुदत असावी, प्रसंगी ती मागे घेता यावी, आणि ती दोन्ही पक्षांनी द्यावी. विद्यार्थिमित्रहो, आपला परवलीचा शब्द मित्रासही न सांगणे, आणि तो फुटल्याचा संशय येताच वडीलधाऱ्यांस सांगून बदलणे, एवढे तर आपणांस आजपासूनच करता येईल.