पटावरील परिभाषा

सराफांची बोली निराळी, दलालांची करपल्लवी निराळी आणि तबलजींचे बोल निराळे. एकाच छंदाचीं चार माणसें जेथें नित्य बसूं लागतात, तेथें त्यांची अशी खासगी भाषा आपोआप उगवते. पटावरील नव्या खेळांच्या शौकिनांचेंही तसेंच आहे. सोंगट्या आणि बुद्धिबळ यांवर वाढलेला एखादा गृहस्थ मुंबईपुण्याकडे अशा मंडळींत प्रथमच जाऊन बसला, तर पट समजण्यापूर्वींच शब्दांचा मारा त्याच्यावर सुरू होतो. ‘हा युरो आहे’, ‘तुमचा मीपल तेथें आडवा निजवा’, ‘त्यांना एपी झाला’! आपण खेळावयास आलों कीं परीक्षेस बसलों, असें त्याला वाटावें. श्रोतेहो, या परिभाषेंतील कांहीं शब्दांची आज ओळख करून घेऊं. ते दिसतात तितके पोरकट नाहींत. बहुतेकांच्या पोटांत खेळांतील एखादें सुख किंवा दुःख दडलेलें आहे.

‘मीपल’ हा त्यांतला सर्वांत लाडका. फ्रान्समधील कार्कासोन या तटबंदीच्या प्राचीन नगराचें नांव धारण करणारा एक जर्मन खेळ २००० सालीं निघाला. चौकोनी तुकडे जोडीत जोडीत त्यांत रस्ते, नगरें, मठ आणि शेतें तयार होतात, आणि त्यांवर आपापल्या रंगाचें लांकडी माणूस ठेवावयाचें असतें. तें रस्त्यावर ठेवलें तर वाटमाऱ्या, नगरांत सरदार, मठांत साधु; आणि शेतांत आडवें निजविलें म्हणजे शेतकरी. त्याच वर्षीं एका अमेरिकन खेळाडू बाईंनीं ‘माय’ म्हणजे माझीं आणि ‘पीपल’ म्हणजे माणसें, हे दोन शब्द एकमेकांत मिसळून हें नांव पाडलें, आणि तें देशोदेशीं रूढ झालें. आपल्या ‘सोंगटी’नें काम भागलें नसतें काय? भागलें असतें, परंतु सोंगटी ही पटाची असते, मीपल हा आपला माणूस असतो.

‘युरो’ म्हणजे युरोपीय, विशेषतः जर्मन, वळणाचा खेळ. जर्मनींत १९७९ पासून दरवर्षीं उत्कृष्ट खेळास पारितोषिक दिलें जातें. १९९५ सालीं तें ‘कटान’ला मिळालें. कृत्रिम दांत घडविण्याचा व्यवसाय करणाऱ्या क्लाउस टॉयबर यांनीं हा खेळ रचला होता, आणि त्यानें या वळणाची कीर्ति दूरवर नेली. येथें कोणी कोणास बाद करीत नाहीं. लांकूड, विटा, लोंकर, धान्य आणि खनिज यांची देवघेव करून वसाहत वाढवावयाची, आणि शेवटपर्यंत सर्वांनीं पटाभोंवतीं बसावयाचें. याच्या उलट फाशांची उधळण, सैन्यांची झुंज, प्लास्टिकच्या मूर्ति आणि एखादी थरारक कथा असलेल्या खेळांना ‘अमेरिट्रॅश’, म्हणजे अमेरिकन केरकचरा, हें कुत्सित नांव मिळालें. गंमत अशी कीं, त्या खेळांचे कित्येक चाहते आतां तेंच नांव अभिमानानें मिरवितात. नवख्यानें मात्र या शब्दाला निकाल समजूं नये. फाशांच्या एका दानावर जीव टांगणें हें कांहीं हलकें सुख नव्हे, हें सोंगट्या खेळलेल्या माणसास कोणी शिकवावयास नको.

‘एपी’ हीं ‘ॲनालिसिस पॅरालिसिस’ची आद्याक्षरें, आपण त्यास विचारमूर्च्छा म्हणूं. खेळी करावयाची सोडून माणूस पटाकडे एकटक पाहात राहतो आणि इतरांचा चहा निवतो. बुद्धिबळांत प्रतिपक्षी एकच, येथें तीन-चार. आपला बेत ठरतो न ठरतो तोंच इतरांच्या खेळींनीं तो मोडतो, आणि पाळी आली म्हणजे विचार पुन्हां मुळापासून करावा लागतो. नवख्यालाच हा विकार अधिक जडतो. म्हणून त्याला या शब्दानें हिणविणें मला अरसिकपणाचें वाटतें.

जिंकण्याची आशा संपलेला खेळाडू आपल्या शेवटच्या खेळीनें पुढच्या दोघांपैकीं कोणास विजय द्यावयाचा हें ठरवितो, त्यास ‘किंगमेकिंग’ म्हणतात. ‘किंगमेकर’ हें पंधराव्या शतकांतील इंग्लंडच्या वॉर्विक उमरावाचें बिरुद. १७१९ सालीं बाळाजी विश्वनाथ ज्यांच्या साहाय्यास दिल्लीस गेला, ते सय्यद बंधूही याच मासल्याचे.

सर्वांत बोचणारा शब्द मीं शेवटीं ठेविला आहे: ‘क्वार्टरबॅक’. अमेरिकन फुटबॉलमध्यें संघाची चाल हांकणारा हा गडी. २००८ च्या ‘पँडेमिक’सारख्या खेळांत सर्व खेळाडू एका बाजूस आणि पटावरील चार रोग दुसऱ्या बाजूस असतात, जिंकले तर सर्व, हरले तर सर्व. अशा वेळीं एखादा जाणता ‘तुम्ही येथें जा, तुम्ही हें करा’ असें सुरू करतो, आणि नवख्याच्या वांट्यास केवळ सोंगटी उचलण्याची हमाली येते. आपल्याकडील लिंबूटिंबू बाद होत नाहीं हें खरें, पण तो धांवतो तरी स्वतःच्या पायांनीं! या दुखण्यावर उपदेश फारसा चालत नाहीं. खेळाची रचनाच बदलावी लागते. ‘हानाबी’ या पत्त्यांच्या खेळांत प्रत्येकजण आपलीं पानें दुसऱ्यांकडे तोंड करून धरतो. तीं इतरांना दिसतात, त्याला स्वतःला दिसत नाहींत. सूचना द्यावयाची ती फक्त रंगाची किंवा आंकड्याची, आणि प्रत्येक सूचनेस एक चकती खर्ची पडते. अशा चकत्या आठच. पान कोणतें टाकावें हें ज्याचें त्यानें ठरवावयाचें, आणि तेथें नवखा व जाणता या दोघांनाही सारखेंच चांचपडावें लागतें.