अडीच महिन्यांत वाढलेली बारा शून्ये

हंगेरीच्या महागाईतल्या नोटा जमवणारा बहुतेक जण सुरुवात करतो ती सगळ्यात मोठ्या आकड्यापासून. मीही इतकी वर्षं हा संग्रह करतो आहे, आणि आता माझं ठाम मत झालं आहे की या नोटा किमतीच्या क्रमाने लावू नयेत, त्यांच्यावर छापलेल्या तारखांच्या क्रमाने लावाव्यात. मग दीड वर्षात एका देशाच्या चलनाचं काय झालं, हे अल्बमची पानं उलटता उलटता कळत जातं.

पहिलं पान युद्धाआधीचं हवं. पेंगो हे चलन १९२७ मध्ये आलं तेही आधीच्या महागाईत बुडालेल्या कोरोनाच्या जागी, १२,५०० कोरोनांना एक पेंगो या दराने. १९३० ची शंभर पेंगोची नोट, राजा मात्याशचं चित्र असलेली, आजही स्वस्तात मिळते. त्या काळी साधारण पाच-सहा पेंगोंना एक डॉलर मिळे. लोक विश्वासाने साठवून ठेवत असा तो पैसा होता.

१९४५ च्या फेब्रुवारीत बुडापेस्टचा वेढा संपला तेव्हा डॅन्यूबवरचे पूल पाण्यात पडलेले होते, कारखाने आणि रेल्वे मोडून पडली होती. राष्ट्रीय बँकेचं सुमारे ३० टन सोनं देशाबाहेर, ऑस्ट्रियात गेलेलं. त्यात ३० कोटी डॉलरची युद्धभरपाई डोक्यावर, त्यातला दोन तृतीयांश वाटा सोव्हिएत संघाचा. कर गोळा होईना आणि खर्च थांबेना, म्हणून सरकारने छापखाना चालू ठेवला.

१६ नोव्हेंबर १९४५ या तारखेची दहा लाख पेंगोची नोट पाहा. तिच्यावर लायोश कोशुथ आहे. १८४८ च्या क्रांतीत हाच कोशुथ अर्थमंत्री होता आणि त्याने काढलेल्या नोटा पुढे ऑस्ट्रियाने रद्द ठरवल्या होत्या. त्याच डिसेंबरात सरकारने हजार, दहा हजार आणि एक लाखाच्या नोटांना तिकिटं चिकटवायला लावली. तिकीट घ्यायचं तर नोटेच्या तिप्पट रक्कम भरायची. म्हणजे चार नोटांतली एकच हाती उरायची. तिकीट असलेली नोट संग्रहात हवीच, कारण सामान्य माणसाच्या साठवणीवर पडलेला घाला तिच्यावर डोळ्यांनी दिसतो. पण नुसत्या तिकिटावर भुलू नये. सुटी तिकिटं मागाहून चिकटवून विकली जातात.

त्यापुढचं पान मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. तिथे मी तीन नोटा शेजारी शेजारी लावल्या आहेत. तिन्हींवर डोक्याला रुमाल बांधलेली तीच स्त्री, मागे तीच संसदेची इमारत. पहिली दहा कोटी पेंगोची, तारीख १८ मार्च १९४६. दुसरी दहा कोटी मिल-पेंगोची. एक मिल-पेंगो म्हणजे दहा लाख पेंगो. तिसरी दहा कोटी बी-पेंगोची, आणि एक बी-पेंगो म्हणजे एक लाख कोटी पेंगो. साचा तोच ठेवून रंग बदलला आणि नावाला एक शब्द जोडला. तिसऱ्या नोटेवर तारीख आहे ३ जून १९४६. अडीच महिन्यांत बारा शून्ये वाढली आणि नोटेवर त्यातलं एकही दिसत नाही. तिची किंमत एकावर वीस शून्ये. आपल्याकडची एकं, दहं, शतं ही मोजणी परार्धापाशी थांबते. ही नोट हजार परार्धांची. तिला क्रमांक घालण्याची पायरीही गाळलेली आहे. याच्याही दसपट किमतीची नोट छापून तयार होती, पण ती चलनात आली नाही.

याच वर्षी जानेवारीत अदोपेंगो, म्हणजे करापुरता पेंगो, सुरू झाला होता. त्याचा भाव रोज रेडिओवरून सांगत. आधी तो हिशेबापुरताच होता; पुढे त्याच्याही नोटा निघाल्या आणि त्यांचीही तीच गत झाली. जुलैत किमती सुमारे दर पंधरा तासांनी दुप्पट होत होत्या.

१ ऑगस्ट १९४६ ला फोरिंट हे नवं चलन आलं. दर ठरला एका फोरिंटला २० कोटी अदोपेंगो, किंवा ४ वर २९ शून्ये इतके पेंगो. हिशेब केला तर हजार परार्धांच्या ४०० कोटी नोटा दिल्यावर एक फोरिंट मिळणार. लोकांनी नोटा रस्त्यावर टाकून दिल्या. झाडूने त्या लोटणाऱ्या कामगाराचं छायाचित्र जगभर गेलं. त्याच महिन्यात अमेरिकेने बँकेचं ऑस्ट्रियात गेलेलं सोनं परत केलं आणि फोरिंटला आधार मिळाला.

शेवटच्या पानावर १९४६ चीच दहा फोरिंटची नोट लावावी आणि तिच्यावरची तारीख वाचावी. तीही ३ जून १९४६. हजार परार्धांची नोट आणि तिची जागा घेणारं टिकाऊ चलन, दोन्हींवर एकच दिवस. म्हणजे पेंगो जाणार हे ठरलेलं होतं आणि तरीही दोन महिने लोकांच्या हाती तोच देत राहिले. ज्यांची कमाई पगाराची होती, ज्यांच्याकडे विकायला धान्य किंवा दागिना नव्हता, त्यांनी त्या दोन महिन्यांची किंमत मोजली. हंगेरीची महागाई नुसती विक्रमी आकडा म्हणून सांगितली जाते तेव्हा ही माणसं त्यातून गळून पडतात. संग्राहकाच्या हाती त्यांची नावं नाहीत, पण तारखा आहेत, आणि त्या नीट लावणं हे मी माझं काम समजतो.