चांगलं दिसलं की बोलून दाखवा



दिवसभर कापूस वेचून आपण दमून घरी येतो. दारातच पोराचं दप्तर फेकलेलं दिसतं. आवाज चढतो, कधी हातही उठतो. पण त्याच पोरानं सकाळी न सांगता पाणी भरलेलं असतं, त्याबद्दल आपण एक शब्द बोलत नाही. मग पोर काय शिकतं? चुकलं, तरच आई माझ्याकडे बघते!

आपल्या एरंडोलजवळच अमळनेर आहे. तिथल्या प्रताप हायस्कूलमध्ये साने गुरुजी १९२४ ते १९३० या काळात शिक्षक होते. छात्रालयाची जबाबदारीही त्यांच्यावर होती. मुलांच्या खोल्या अस्ताव्यस्त दिसल्या, तर गुरुजी स्वतः झाडू हातात घेत, कपड्यांच्या घड्या घालत. ते पाहून मुलं आपणहून आवरू लागत. मुलांसाठी ते हातानं लिहून दैनिकही काढत. धाक न दाखवता वळण लावता येतं, हे आपल्या खानदेशानं पाहिलेलं आहे.

घरी काय करता येईल? नुसतं ‘शहाणा माझा’ म्हणू नका, नेमकं काय आवडलं ते सांगा. ‘तू लहान बहिणीला अभ्यासाला बसवलंस, मला बरं वाटलं.’ असं ऐकलं की काय पुन्हा करायचं, ते मुलाला कळतं. चुकलं तर चुकीबद्दल बोला, ‘तू आहेसच तसा’ म्हणू नका. दुसऱ्याच्या पोराशी तुलना तर नकोच.

रोज शाळेच्या वेळेलाच पोट दुखतं, बोलकं पोर गप्प होतं, झोपेत दचकतं. याला नाटक समजू नका. जवळ बसा, न रागावता विचारा, पूर्ण ऐकून घ्या. मग शिक्षकांना भेटा. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानं शाळेत मुलांना मारायला आणि त्यांचा मानसिक छळ करायला बंदी केली आहे. जिल्हा परिषदेच्या शाळेत व्यवस्थापन समिती असते. तिच्यात किमान ७५ टक्के सदस्य पालक आणि निम्म्या महिला असायला हव्यात. म्हणजे ती खुर्ची आपलीच आहे. तिथे बसून बोला. मूल संकटात असेल, तर १०९८ हा मोफत क्रमांक दिवसरात्र चालू असतो.

बचत गटाच्या पुढच्या बैठकीत हप्ता भरताना प्रत्येकीनं आपल्या लेकराची या आठवड्यातली एक चांगली गोष्ट सांगा. पण त्याआधी घरी ती लेकराला सांगा.